पिलं काढायचे दिवस

अडावदच्या शिवारात लाईट रात्री अडीचला येते.
मोटर चालू करायची
आणि ठिबकच्या नळ्या पाण्याने ताठ होईस्तोवर
बांधावर बसून राहायचं.
हीच माझी घटका होती.
उपडी बादली, खांद्यावर टॉवेल,
अंधारात मी आणि तो, दोघंच.
कधी बोलायचो. बहुतेक वेळा नाही.
सातपुड्याच्या अंगाला एखादा कोल्हा ओरडे,
तेवढाच काय तो व्यत्यय.

बादली अजून तीच आहे, कड चिरलेली.
हातात फोन.
बऱ्हाणपूरचा भाव किती फुटला,
रावेरला गाड्या किती भरल्या,
आणि (हे सांगताना जीभ अडखळते)
मंडळीचा ग्रुप:
कापणीच्या सणाला मंडप कुणाचा,
पावतीपुस्तकं कुणाकडे राहिली,
तरुण संघाच्या कीबोर्डचे उरलेले साडेचार हजार.
खजिनदार मी, म्हणून उत्तरही मीच द्यायचं,
खाली हात जोडल्याचं चित्र.
त्या चित्रालाच किती रात्री
प्रार्थना समजून निजलो, देवा.

पाप म्हणावं असं त्यात काही नव्हतं.
पाळकसाहेब पेरणाऱ्याचा दाखला सांगायचे
तेव्हा काट्यांत पडलेलं बी
मला शेजारच्या रानातलं वाटायचं.
माझ्या बांधावर एक बाभूळ नाही.

मग झिपाबाई आली पिलं काढायला.
बाग निसवायला महिना उरलेला,
प्रत्येक खोडाशी चार-चार पिलं दाटलेली.
ती वाकायची, विळा फिरायचा, पुढे.
एक पील फार देखणं होतं,
सरळ, पोपटी, तलवारीच्या पात्यासारखं.
म्हटलं, एवढं राहू दे, बाई.
तिने मान वर केली नाही.
"हाई बी केळनंच पोर शे, दादा.
पन ठेवं त घड भराव नही."
सपकन.

दुपारभर मी त्या ओळीत नुसता चालत राहिलो.
पानांचा ढीग, चिकाचा तुरट वास,
आणि मनात एकेक नाव:
हे मंडपाचं. हे कीबोर्डचं.
हे, लोकांनी "आपले दानिएलभाऊ" म्हणावं म्हणून वाढवलेलं.
सगळी देवळाच्याच बुडख्यातून फुटलेली.
म्हणून तर विळा उचलवत नव्हता.

रविवारी उपासनेनंतर
खजिन्याची चावी प्रबोधच्या हातात दिली.
युनीसने घरी येताना विचारलं,
"कुणाशी बिनसलं का?"
नाही म्हटलं.
तिला पटलं नाही.

एक मात्र राखलं.
केळीतही एक राखतातच,
पुढच्या वर्षीची बाग त्याच्यावर उभी राहते.
गुरुवारी संध्याकाळी दयाळबाबांकडे जातो,
मिशन दवाखान्यातले जुने कंपाउंडर,
दोन्ही डोळ्यांत पडदा.
त्यांना स्तोत्रं वाचून दाखवतो.
ते मधेच थांबवतात,
"सावकाश वाच, कुठं गाडी पकडायचीय?"

आता रात्री फोन स्टार्टरच्या पेटीत ठेवतो.
पेटी गुरगुरते.
पहिल्या रात्री मी तीनदा उठून गेलो.
चौथ्यांदा उठलो, आणि बसलो.
काहीच ऐकू आलं नाही,
फक्त पाणी, नळीतून ओळीच्या शेवटाकडे.

हे सुटलं असं मात्र समजू नये.
काढणीच्याच दिवशी, ऊन उतरताना पाहिलं,
कापल्या जागी, ओल्या चकतीच्या मधोमध
बोटभर कोंब वर आला होता.
सकाळचा विळा, संध्याकाळचा कोंब.
देवळात घालायच्या पांढऱ्या सदऱ्यावर
चिकाचा काळा डाग पडलाय,
तो धुतल्याने जात नाही. मीही फार घासत नाही.

मजुरी मोजून कनवटीला लावताना
झिपाबाईने त्या कोंबाकडे पाहिलं, हसली.
"पंधरा दिनमा परत येसू."

येसू. म्हणजे, मी येईन.
चाळीस वर्षं ही बोली कानावर पडते आहे
आणि हा शब्द
मी आज ऐकला.