पावाची गाडी

ऑगस्टातल्या त्या पहाटे माझ्या गाडीत
पावाऐवजी बावीस पोरं चढली.
बाजूला लिहिलेलं होतं, एझेनवा बेकरी, ओनित्शा, रोज ताजा.
सार्जंटनं त्यावर चिखल फासला, पण घाईत,
"रोज ताजा" तेवढं उघडंच राहिलं.

पोरांत दोघांमागे एक बंदूक.
ओन्येक्वेलू, सुताराकडचा उमेदवार,
त्यानं इरोको लाकडाची स्वतः तासून आणली होती,
खरी मिळेपर्यंत.
पॉलिश केलेली. चाप सुद्धा हलायचा.

पूल ओलांडला तेव्हा नायजर
झोपेत कूस बदलावी तशी वाहत होती.
पलीकडे असाबात माझी बहीण न्वान्येलुगो
दात घासत दाराशी आली.
फळीखाली राहिलेला एक शिळा पाव तिला दिला.
म्हणाली, पैसे?
म्हटलं, येताना घेतो.

बेनिनपर्यंत रस्ता असा मिळाला
जसा नव्या जावयाला मिळतो.
कडेची माणसं हात हलवत होती,
मग त्यांना आमची बोली ऐकू आली
आणि हात तिथंच राहिले, अर्धे वर.
आम्ही सोडवायला आलोय, असं आम्ही सांगत होतो.
कुणापासून, हे एका म्हातारीनं विचारलं.
कुणाकडे उत्तर तयार नव्हतं.

रेडिओ म्हणे, लागोस आता परवावर आलं.
आणि आम्ही थांबलो.
का, ते वर कुणीतरी ठरवलं असेल.
इंजिन थंड पडलं की पोरांना
आईचा स्वयंपाक आठवतो,
तसं झालं.

पुढे ओरे.
"अरे" म्हणावं, एवढंच नाव.
कोकोची झाडी, पाऊस, एक चौक,
आणि झाडीतून लोखंड बोलायला लागलं.
त्या दिवसाचं मी पुढे कधी
धड सांगू शकलो नाही.
गाडी वळवायला जागा नव्हती,
एवढंच नीट आठवतं.
उलटी चालवली, दीड मैल,
आरशात बघत.

बाविसाचे पाव साडेपाच.
पाच बसून आले.
उरलेल्याबद्दल आम्ही वाटेत बोललो नाही.
फळीखाली ती लाकडी बंदूक गडगडत होती,
प्रत्येक खड्ड्याला.

असाबात गाडी थांबवली नाही.
मागे रांग होती, ओरडत होते,
आणि बहिणीचं दार
मला डाव्या हाताला दिसलं, बंद.
ती झोपली असेल, मी म्हटलं.
दुपारचे तीन वाजले होते.

मग पुलाच्या दोन कमानी
आमच्याच माणसांनी नदीत पाडल्या.
आवाज भट्टीपर्यंत आला,
कणकेचं घमेलं थरथरलं.
ज्या वाटेनं देश वाढवायला गेलो
ती वाट पाण्यात उभी होती, वाकडी,
गुडघ्यावर बसल्यासारखी.

पलीकडे नंतर काय झालं
ते पलीकडचेच सांगतात,
जे सांगायला उरले ते.

उधारीची वही माझ्याकडे आहे.
न्वान्येलुगो, एक पाव, नऊ पेनी, येणे.
मुलगा म्हणतो, बाबा, खोडा आता.
त्या पानावर मी
काही ठेवू देत नाही, चहाचा कपही.