एक जानेवारी, दोन हजार दोन

सामुद्रधुनी ओलांडून उतरलो तेव्हा
पोर्वेनिरच्या धक्क्यावर वारा एवढा
की हत्यारांची पेटी छातीशी धरून चालावं लागलं,
रडक्या पोराला धरावं तशी.
पोर्वेनिर म्हणजे पुढचा काळ.
गावाचं नाव हे,
आणि लोकर-संघाच्या कचेरीतला कॉम्प्युटर
रोज सकाळी उठून सांगतो :
आज एक जानेवारी, दोन हजार दोन.

उठलाच तर.

दानित्सा मारुशिचबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या :
"पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळाच.
मग आपला आपण गप्प होतो,
कुणी हाक मारली, आणि कोण ते ओळखू आलं नाही, तसा."
कधीपासून, मी विचारलं.
"मेंढ्या कातरायच्या आधीपासून."
कुठल्या वर्षीच्या, ते काही सांगितलं नाही.

झाकण काढलं तर आत लोकर.
धूळ नव्हे, खरोखरची लोकर,
पंख्याच्या पात्यांवर पिळून बसलेली,
मेंढीच्या तेलाचा वास अजून धरून.
ब्रशने काढली. एका मोज्याची टाच तरी झाली असती.

मग नेहमीचं.
मेमरीची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात
खोडरबरने घासले,
टक् होईपर्यंत दाबून बसवली.
डिस्क सोडवली, सीडीचा खण सोडवला,
नातेवाइकांना एकेक करून खोलीबाहेर काढावं
आणि रोग्याला म्हणावं, हं, आता सांग.
बटण. पंखा. काळोख.
एक लांब बीप, दोन आखूड.
चित्राचं कार्ड काढलं, फुंकलं, पुन्हा घातलं.
पहिले पाढे पंचावन्न.

नवा घ्या, म्हटलं.
बाईंनी कोपऱ्यातल्या प्रिंटरकडे बोट केलं,
टाचण्यांनी टरटर लिहिणारा, कडेला भोकांचा कागद.
"हा फक्त याचंच ऐकतो.
आणि एकोणीस हंगामांची वजनं आहेत याच्या पोटात.
नवी भाषा शिकणं काय असतं ते मला सांगू नकोस.
आजोबांनी एका रविवारी घरात क्रोएशियन बंद केली,
सोमवारी मला मीठ मागता येईना."

दुपारी तो चालू झाला.
तिसऱ्यांदा दाबल्यावर, मी काहीच न करता.
असं चालू होणं मला आवडत नाही.
न सांगता बरा झालेला
न सांगताच पुन्हा पडतो.

तेवढ्यात शेवटची बोट गेली.

रात्री टॉर्च तिरपा धरला तेव्हा दिसले :
प्रोसेसरशेजारी चार कपॅसिटर,
डोकी फुगलेली,
एकाच्या टाळूवर वाळलेला तपकिरी डाग.
गारठ्यात यांच्यात दम भरतच नसणार.
एका मोडक्या टीव्हीच्या पोटातून आणलेले चार
डाख देऊन बसवले. बोट भाजलं.
नाण्याएवढी मेलेली बॅटरी काढून नवी घातली
आणि उरलेली रात्र लोकरीच्या गठ्ठ्यांवर झोपलो,
आयुष्यातली सगळ्यात उबदार.

सकाळी सात. खिडकीच्या आतल्या बाजूलाही बर्फ.
बटणावर बोट ठेवणार, तोच बाई आल्या,
हातात गरम पाण्याची रबरी पिशवी, विणलेल्या खोळीत.
सरळ डब्याच्या कुशीला टेकवली.
"वीस मिनिटं थांब. मग होतो चालू.
चार हिवाळे हेच करतेय."
काल का नाही सांगितलंत?
"काल तू त्याला विचारत होतास."

मी थांबलो नाही. दाबलं.
एकच आखूड बीप, आणि पडदा उजळला,
तारीख विचारत.
बाईंनी भिंतीवरचं खाटकाचं कॅलेंडर दोनदा पाहिलं,
एका बोटाने एकेक आकडा टिपला.
एन्टर दाबायला मात्र जरा वेळ लावला.

मग पिशवी उचलली. अजून गरम होती.
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
आणि नेऊन प्रिंटरवर ठेवली.