टोचा

पावसानं नाही हो, कूलरनं कुजली.
एप्रिल ते जून, तीसेक उन्हाळे
वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकलेलं पाणी
चौकटीच्या तळाशी मुरत गेलं,
आणि वरून रंग, त्यावर रंग,
हिरवा, मग पिवळा, मग पुन्हा तोच हिरवा.
बघणारा म्हणेल, ठणठणीत आहे की.

बाबांनी टोचा लावला.
मुठीपर्यंत आत गेला.
"बिस्कूट," म्हणाले. "चहातलं."

अजनीच्या जुन्या इन्स्टिट्यूटचं वाचनालय.
नऊ खिडक्या, साऱ्या खाली-वर सरकणाऱ्या,
दोरीवर टांगलेल्या,
आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, चौकटीच्या पोटात,
लोखंडाची वजनं.
हे कोणाला ठाऊकच नव्हतं.
लोक काठी लावून तावदान अडकवत,
काठी सुटली की बोटं वाचवत.
इंजिनिअर साहेबांनी लिहिलं होतं: काढून टाका, ॲल्युमिनियम.
हिरामण निखारे, राहणार लकडगंज,
यांनी पंधरा दिवस मागून घेतले.
काहून, ते मला सांगितलं नाही.

"पाहून घे पोरी.
टोचा जिथं अडते, तिथून लाकूड सुरू होते."
तिथपर्यंत कापायचं, वर दोन बोटं अजून.
चांगल्या लाकडावर करवत चालवताना हात मागं येतो,
तरी.
काप सरळ नाही, तिरपा घ्यायचा;
नव्याला जुन्यावर रेलायला
जागा लागते, लांब.

सागवान आम्ही पडक्या दाराचं आणलं.
बल्लारशाचं असावं, बाबा हुंगून म्हणाले.
कडीच्या जागी भोक होतं, ते आतल्या बाजूला घेतलं.
मी खडूची पूड नि जवसाचं तेल मळत होते,
त्रेचाळीस डिग्रीत लांबी हाताला चिकटते,
पोळीच्या कणकेसारखी ऐकत नाही.
काचा जुन्या, थोड्या लाटांच्या;
पलीकडची चिंच त्यातून हलते,
वारा नसला तरी.

सातवी वाचली नाही.
वरपासून खालपर्यंत वाळवीची मातीच निघाली.
बाबा बराच वेळ तिच्यापुढे उकिडवे बसले,
मग तिची कप्पी तिसरीला दिली,
वजनं पाचवीला,
दोन काचा दुसरीला,
आणि भोकाला विटा.

तिसरीचं पोट उघडलं
तेव्हा आतल्या फळीवर पेन्सिलीची ओळ होती:
*उजवीकडचं वजन अर्धा शेर कमी आहे. संभाळून.*
नाव नाही, साल नाही.
शेर म्हणजे फार जुनं काम.
म्हणजे तेव्हापासून ही खिडकी
तिरपी चढत होती,
अडत होती उजव्या खांद्यावर,
आणि सगळे तिलाच हेकट म्हणत होते.

बाबा हसले. पहिल्यांदाच, त्या पंधरा दिवसांत.
बाहेर जाऊन रुळाकडून
दोन गंजके नटबोल्ट घेऊन आले,
तारेनं वजनाला बांधले,
नवी दोरी कप्पीवरून ओवली.
"लाव हात."
एका बोटानं लावला.
ती वर गेली
आणि जिथं सोडली, तिथंच थांबली.

झाकण ठोकण्याआधी पेन्सिल त्यांनी मला दिली.
त्या ओळीखाली मी लिहिलं:
*दोन नटबोल्ट वाढवले. आता बरोबर आहे.*
नाव लिहू का, विचारलं.
"त्यानं लिहिलं का?"

जाताना वॉचमन गेडामांना बजावून सांगितलं:
कूलर बाहेर स्टँडवर ठेवा, खिडकीत नाही.
हो हो म्हणाले.

या एप्रिलला तिकडून गेले.
स्कूटी हळू केली.
कूलर तिसरीतच, तावदान वर करून नीट बसवलेला,
पाणी ठिबकत होतं आमच्या जोडावर.
उतरले नाही.
मनातल्या मनात उन्हाळे मोजले:
सागवान आहे, दहा-बारा तरी जातील.
टोचा आता माझ्या पिशवीत असतो.