ळची परीक्षा

नव्या वहीवर मी आधी ळ लिहितो.
नाव नाही, श्री नाही. ळ.
त्याचे दोन्ही डोळे उघडे राहिले
तर कागद बरा.

दादरच्या वहीत दोन्ही मिटले.
फोर्टातल्या महागड्या वहीत एकच,
पण पान उलटलं
तर मागे अख्खं वाक्य उलटं उभं,
चोरून ऐकत असल्यासारखं.

अब्दुल रेहमान स्ट्रीटवरचे मोईजभाई
जीएसएम सांगत नाहीत.
पान कानाशी धरून हलवतात,
"हा बोलतो बघा," म्हणतात.
मग पोटमाळ्यावरून धुळीसकट उतरवतात
तीन रजिस्टरं.
ठाकुरद्वारच्या कुठल्याशा लाँड्रीनं छापून घेतलेली,
न्यायला कोणी आलंच नाही.
रकाने: नग. डाग. वायदा. सही.

पेन उघडतो. निळी-काळी शाई.
ळ.
आम्ही दोघंही वाकून बघतो.
शाई ओली चमकते, थबकते,
काठ ओलांडत नाही.
"काला मस्त उठलाय," मोईजभाई म्हणतात.
ळ त्यांच्या जिभेवर कधी बसलाच नाही,
डोळ्याला मात्र बरोबर कळला.

तिन्ही घेतली.

आता रात्री लिहायला बसतो
तेव्हा ओळ नगापासून निघते,
डागावरून जाते,
वायद्यापाशी बहुतेकदा अडते.
सहीच्या रकान्यात अजून
एकदाही पोचलेलो नाही.

आणि कागदाला नावं ठेवावीत
तर ती सोयही आता गेली.