कणकुंबी चौकी

संरक्षणाच्या चर्चेत सगळे विमानांवर बोलले.
आमचे मोनाप्पा उठले, विचारलं,
बुटांचा नंबर कोण घेतं?
येळ्ळूरच्या पोराला आठ लागतो, मिळाला दहा.
सभागृह हसलं. इतिवृत्तात तेही आहे, कंसात.

पोलिसांवर दोनच मिनिटं मिळाली.
कणकुंबी चौकी. शिपाई सहा, रेनकोट दोन.
"हा राज्याचा विषय. बसा."
"आणि पाऊस?"
पुढे घंटा.

मागल्या मोर्चात, खानापूरच्या स्टँडवर
ज्याने यांच्या पाठीवर काठी मोडली
तो बसलिंग त्या सहांतलाच.
तेल चोळताना मी म्हटलंही,
दिल्लीपर्यंत जाऊन त्याच्यासाठी भांडलात?
उशीत तोंड खुपसून म्हणाले,
"हळू गं.
भिजायलाय न्हवं त्यो."