दुपारचं नाव

डाक्टरने जबडा धरून तोंड उजेडाकडे वळवलं,
बाजारात बैलाचं बघतात तसं.
पुढचे दोन पडलेले, एक हलत होता.
"नऊ," म्हणाला, आणि कारकुनाने लिहिलं.
आईला साल सांगता येत नव्हतं.
परड्यातल्या फणसाला पहिलं फळ धरलं, त्या वर्षीचा मी.
पण फणस राजापुराकडे,
इथे लालबागेत त्याची साक्ष कोण काढणार?

हलणारा दात आईनेच काढला त्या रात्री,
गिरणीतून पदरात आलेल्या सुताने.
गावी दात कौलावर फेकतात.
आमच्या डोक्यावर दोन मजले, दुसऱ्यांची बिऱ्हाडं.
तिने तो चंचीत ठेवला, चुन्याच्या डबीशेजारी.

सकाळी मी भागोजी. त्रासन खातं.
साहेबाच्या भाषेत नाव काही वेगळं होतं म्हणे,
आमच्या तोंडात बसलं ते हे.
भरलेल्या बाबिणी उपसायच्या, रिकाम्या चढवायच्या,
साचा पुन्हा सुरू व्हायच्या आत.
पापण्यांवर कापूस. थुंकलं तर थुंकीतही पांढरं.

दुपारच्या भोंग्याला सुटायचं
आणि गल्ली ओलांडून पलीकडच्या गिरणीत शिरायचं.
तिथे मी म्हादू.
म्हादू माझा थोरला. प्लेगात गेला,
दाखला मागे ठेवून.
मुकादमाला ठाऊक होतं. महिन्याला चार आणे घ्यायचा.
त्याला दोन हात हवे होते, कुणाचे का असेनात.
पुकारा व्हायचा: म्हादू रावजी!
मी म्हणायचो, हजर.
पहिल्या दिवशी जीभ वळेना.
मग एवढी वळली
की एकदा सकाळच्या गिरणीतही
दुसऱ्याच कुणा म्हादूला मी ओ दिली.

रात्री भाकरी थापता थापता आई विचारायची,
कामाचं नाही, पगाराचं नाही,
"आज घेतलं का नाव त्याचं?"
"घेतलं."
"मोठ्याने?"
"सगळ्या खात्याला ऐकू गेलं."
साच्यांच्या खडखडाटात कसलं ऐकू जातंय.
ती पुढची भाकरी तव्यावर टाकायची.

दाखल्याने चौदा झालो, फणसाने बारा,
तेव्हा पुऱ्या दिवसाला लागलो, एकाच गिरणीत, एकाच नावाने.
पलीकडच्या मस्टरात म्हादूवर तांबडी रेघ ओढली.
घरी येऊन सांगितलं.
आईने चूल पेटवली नाही.
दहा दिवस सुतक धरलं तिने.
प्लेगाच्या इस्पितळाने प्रेत दिलं नव्हतं,
तेव्हाचं राहिलेलं.