नसलेला सेक्टर

महाप्याच्या चौथ्या मजल्यावर
मी एका फाइलला डिस्क व्हायला शिकवते.
खरं तर शिकवत नाही. सोंग तीच घेते,
कर्नेलनं ते सोंग ओळखूनही
खरं धरून चालावं, एवढंच माझं काम.

वीस जीबी, असं सांगते ती स्वतःबद्दल.
काट्यावर घातली तर भरते तीनशे एमबी.
बाकीची जागा नुसती बोलण्यात.
तक्ता उघडायचा, त्यातून दुसरा तक्ता,
तिथं पत्ता असला तर पत्त्यावर जायचं,
पत्त्याच्या जागी शून्य असलं
तर मागणाऱ्याच्या ओंजळीत शून्यं ओतायची,
मुकाट.
चूक झाली म्हणून ओरडायचं नाही.

परुळेकर म्हणतात, ओटीवर बसू दे तिला,
माजघरात कशाला घेतेस?
ओटीवर मेली तर एक प्रोग्राम मेला,
आत मेली तर सगळ्या घराला सुतक.
बरोबर आहे त्यांचं.
म्हणून मी दारातच खिसे तपासते:
पहिले चार बाइट सांगितल्या कुळाचे आहेत का,
लांबी बोलते तेवढी आहे का,
तक्ता फिरून स्वतःकडेच बोट दाखवत नाही ना.
एका जातीचं ओळखपत्र शेपटाला असतं,
अगदी शेवटच्या पाचशे बारा बाइटांत.
ती मागून वाचावी लागते,
बाबांच्या कागदांच्या पिशवीसारखी.

त्या पिशवीत तळाशी एक पत्र आहे.
बाळाराम पोशा मढवी, मौजे घणसोली,
साडेबारा टक्क्यांतला भूखंड,
सेक्टर, नंबर, चौरस मीटर, गोल शिक्का.
मी सहावीत असताना स्कूटरवर पुढे उभी राहून
आम्ही तो बघायला गेलो होतो.
बांधावर स्कूटर लावली. समोर कांदळवन,
ओहोटीचा चिखल, चिखलात एक बगळा.
आजोबांच्या मिठागराची उघाडी
तिथंच कुठंतरी गाडली गेलेली.
बाबांनी हात लांब केला:
इथं जिना. इथं तुझं टेबल.
मी मान डोलवली. बगळ्यानं जागा बदलली.

"आहे," खिडकीतला माणूस म्हणायचा,
"नकाशावर आहे."
एकदाही खोटं बोलला नाही तो.
चूक म्हणून ओरडलाही नाही.

आज दुपारपासून मी वायर उपटते आहे.
चाचणीच्या मशीनची, लिहिता लिहिता मध्येच.
नियम साधा आहे:
आधी मजकूर टाकायचा, तो तळाशी बसू द्यायचा,
मग तक्त्यात नोंद करायची.
उलट केलं आणि नेमकी वीज गेली
तर नोंद राहते, चोख, सही-शिक्क्यासकट,
आणि बोट दाखवते चिखलाकडे.
हे मी कोडच्या वर टिपणात लिहिलं.
शेवटची ओळ परत खोडली.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं,
अजून तीच खोटी डिस्क का?
मी ताटात भाताचे चौकोन करून दाखवले.
हे दिलेले, हे नुसते मोजलेले.
पहिलं अक्षर लिहायला कुणी आलं
की त्या क्षणी जागा मिळते,
तोवर ती नसतेच.
बाबा बराच वेळ चौकोनांकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
"म्हणजे त्या दिवशी आपण
काहीतरी लिहायला हवं होतं गं तिथं.
एक काठी तरी रोवायची."

सत्त्याण्णव वेळा वायर उपटली, फाइल शाबूत.
अठ्ठ्याण्णवाव्या वेळी एक क्लस्टर हरवला.
परुळेकरांनी वहीत तांबडी रेघ मारली,
पुढे लिहिलं: कुणाचा होता, शोध.